काकांचा होयबा

मंडईच्या भोवतालच्या बोळांत दुकानदारांच्या दोन तऱ्हा आढळतात. गिऱ्हाईक आलं की माल दाखवणारी ही पहिली. गिऱ्हाईक आलं की आधी त्यालाच नीट बघून घेणारी ही दुसरी. पापडवाले काका दुसऱ्या तऱ्हेचे. पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट, भाजण्या, गोडा मसाला हा त्यांचा माल. दुकान इतकं अरुंद, की माल आत घेतला की काका फळीवर आणि काका आत गेले की माल फळीवर.

या दुकानात येऊन कुणी "चकलीची भाजणी द्या" म्हटलं, तर काका लगेच डब्याला हात लावत नाहीत.

"गेल्या दिवाळीत चकल्या विरघळल्या त्या तुमच्याच ना?"

बाई गप्प.

"मोहन फार घालता तुम्ही. चकली तुमची बिघडते आणि नाव माझ्या भाजणीचं जातं. यंदा तयार चकल्या न्या."

बाई चिडून भाजणीच घेऊन जातात आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा येतात. श्रावणात कुरडया मागितल्या तर, "उन्हाळ्यातल्या संपल्या. या आहेत त्यांना दमट हवा लागलीय, नेऊ नका." मेतकूट मागितलं तर, "परवा या, ताजं दळून येतंय." डबा समोर भरलेला दिसत असतो, पण काका देत नाहीत. त्यांच्या दुकानात सर्वांत जास्त खपणारा माल म्हणजे 'नाही', आणि तो ते तीन पिढ्या फुकट देत आले आहेत.

अशा दुकानात कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली ती सूनबाईंच्या हातून. सूनबाई हिंजवडीला नोकरीला. पापड-कुरडया ऑनलाइन विकायच्या, पुण्याबाहेर पाठवायच्या आणि त्यासाठीचं लिहिणं, फोटो, गिऱ्हाइकांना उत्तरं, हिशेब हे सगळं एआयकडून करून घ्यायचं, असा त्यांचा बेत. काकांनी तो ऐकताक्षणी फेटाळला. "29 सप्टेंबर 2024ला मंडईखाली मेट्रो आली. आता गिऱ्हाईक जमिनीतून उगवून थेट दारात येणार, असं तूच म्हणाली होतीस. येतात, सरकत्या जिन्यानं वर येतात, मंडईच्या मनोऱ्याबरोबर फोटो काढतात आणि सरकत्या जिन्यानं खाली जातात. आता हे नवीन कशाला?"

विरोध करण्यात काकांनी काही वेगळं केलं असं नाही. मंडईची ती रीतच आहे. 1886मध्ये ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. तिच्यावर एवढा पैसा ओतण्याला पुणे नगरपालिकेत विरोध केला होता तो जोतीराव फुल्यांनी. तो पैसा शिक्षणावर खर्चा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. फुल्यांच्या विरोधाला तत्त्व होतं आणि काकांच्या विरोधाला फक्त सवय होती, हा फरक सोडला तर पुढचा क्रम सारखाच झाला. आज दुकानाच्या खात्यावर, मोबाइलवर आणि त्या एआयच्या वर्गणीवर नाव काकांचंच आहे.

त्यांचं मतपरिवर्तन झालं ते एका संध्याकाळी. सूनबाईंनी मोबाइल पुढे केला आणि "काहीही विचारा" म्हणाल्या. काकांनी उडदाचा भाव विचारला, पावसाचा अंदाज विचारला, मनपाची निवडणूक कोण जिंकणार ते विचारलं. यंत्रानं एकाही प्रश्नाला मान हलवली नाही. प्रत्येकाचं उत्तर मुद्देसूद, ठाम आणि लगोलग. काकांचा चेहरा खुलला. मंडईच्या कट्ट्यावर जी चर्चा चालते तिला पुण्यात मंडई विद्यापीठ म्हणतात. तिथं 'मला माहीत नाही' हे उत्तर द्यायची पद्धत नाही. भाजीच्या गाड्यावर हात टेकवून माणूस अमेरिकेचं व्याजदर धोरण सांगतो. काकांनी यंत्राकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "हा आपल्यातलाच आहे."

मग काका त्याला दुकानातल्या पोऱ्यासारखे राबवू लागले. टंकायचं त्यांना जमत नाही, म्हणून मोबाइल तोंडासमोर धरून मोठ्यानं सांगायचं. समोरच्या नारळवाल्याला सगळं ऐकू जायचं. "अरे, ऐक. मेतकूट. अर्धा किलो. काय लिहिशील?" यंत्रानं 'मेट्रो कुठे' असं ऐकलं आणि मंडई स्थानकाचा रस्ता समजावून सांगितला. काका म्हणाले, "स्थानक माझ्या दारात आहे बाबा. मेत-कूट!" नारळवाला तेव्हापासून मेतकुटाला भुयारी पीठ म्हणतो.

लिहिण्याच्या कामात यंत्राचा हात धरणारा कुणी नव्हता. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत मिनिटभरात मजकूर तयार. अडचण एवढीच, की तो मजकूर फारच सुंदर असायचा. पापडाखाली त्यानं लिहिलं, 'आजीच्या प्रेमळ हातांनी लाटलेले.' काकू गल्ल्याच्या मागून म्हणाल्या, "आजी कुठली? सासूबाईंनी हयातभर लाटणं हातात धरलं नाही. गल्लीतल्या बायका लाटतात, त्यांना मजुरी देतो आपण. ते लिही म्हणावं." नाचणीच्या पापडावर त्यानं 'हाडं मजबूत करतात, मधुमेह आटोक्यात ठेवतात' असं ठोकून दिलं. ते सूनबाईंनी खोडलं. पदार्थ आजार बरा करतो असा दावा पाकिटावर किंवा जाहिरातीत करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018चे नियम आडवे येतात. काकांना नियम माहीत नव्हता, पण शंका होतीच. "पापडानं मधुमेह जात असता तर माझा नसता का गेला?"

फोटोचं प्रकरण त्याहून अवघड. कुरडईचा फोटो मोबाइलवर काढला की मागं नारळवाल्याची लुंगी यायची. यंत्र ती लुंगी एका क्षणात पुसायचं, हे काकांना मनापासून आवडलं. नारळवाल्यालाही असंच पुसता येईल का, असं त्यांनी विचारलं. पण एकदा 'कुरडईचं छान चित्र काढ' म्हटलं, तर यंत्रानं वाफाळत्या वाडग्यात शेवया काढल्या आणि वर दोन काड्या ठेवल्या. दुसऱ्यांदा नऊवारीतली बाई काढली, तिच्या हातात कुरडई आणि हाताला सहा बोटं. काका बराच वेळ बघत राहिले. "बाई कामाची आहे, लाटायला मिळाली तर घेऊ. पण कुरडई कुठाय?" त्या दिवसापासून दुकानाचा ठराव झाला, की मागची भिंत यंत्रानं पुसायची, माल खराच दाखवायचा.

खरी गंमत आली ती गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायला लागल्यावर. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी व्हॉट्सअॅपवर कळवलं, 'पन्नास पापडांच्या पाकिटात अठ्ठेचाळीस निघाले.' यंत्रानं उत्तर पाठवलं, 'आपल्या भावना आम्ही पूर्णपणे समजू शकतो. आपला अनुभव आमच्यासाठी अमूल्य आहे.' दुसऱ्या दिवशी गृहस्थ पाकीट घेऊन दुकानात हजर.

"भावना माझी नव्हती. मी मोजले."

काकांनी मुकाट्यानं दोन पापड काढून दिले. गृहस्थ जाता जाता थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दुकान विकलंत का हो? नाही, एवढं गोड कोण बोलतंय, म्हणून आलो बघायला."

काका त्या रात्री अस्वस्थ होते. तीन पिढ्यांत या दुकानाबद्दल लोक नाना प्रकारे बोलले, पण गोड बोलल्याचा आरोप कधी झाला नव्हता.

मग आला हंगामाचा अंदाज. कुठल्या महिन्यात कुठला माल किती करायचा, हे यंत्र मागच्या विक्रीवरून सांगतं, असं सूनबाई म्हणाल्या. 2024 आणि 2025 या दोन वर्षांचे आकडे त्यांनी त्याला दिले. यंत्रानं 2026चा सुरेख तक्ता मांडला. ऑगस्टच्या शेवटी मोदकाची पिठी भरपूर ठेवा, कारण 2025मध्ये तेव्हा खपली होती. मे-जूनमध्ये अनारशाचं पीठ शून्य, कारण दोन्ही वर्षं त्या महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी चष्मा वर केला. भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटली. "गणपती 2024ला 7 सप्टेंबरला होते, 2025ला 27 ऑगस्टला, 2026ला 14 सप्टेंबरला. हा ऑगस्टमध्ये कुणाला मोदक घालतोय? आणि 17 मे ते 15 जून 2026 अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याचा महिना. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. मागचा अधिक महिना 2023च्या श्रावणात गेला. तू याला दिलेल्या दोन वर्षांत तो आलाच नाही, मग याला जावई दिसणार कुठून?"

सूनबाईंनी ते सगळं यंत्राला सांगितलं. उत्तर आलं, 'अगदी बरोबर! हे अत्यंत महत्त्वाचं निरीक्षण आहे.' आणि नवा तक्ता आला, त्यात अनारशाचं पीठ ढिगानं.

काका खूश झाले, पण मंडईतला माणूस पहिल्या होकारावर विश्वास ठेवत नाही. त्यांनी मोबाइल ओढून घेतला. "आणि काय रे, अधिक महिन्यात लोक फटाकेही फार घेतात. फटाके ठेवू का?"

'उत्तम कल्पना! ग्राहकांच्या उत्सवी उत्साहाचा लाभ घेण्यासाठी…'

काकांनी पुढचं वाचलंच नाही. मोबाइल फळीवर उपडा ठेवला आणि निकाल दिला, "होयबा आहे हा."

नाव चिकटलं. त्या दिवसापासून दुकानात एआय हा शब्द बंद झाला. 'होयबाला विचार', 'होयबानं काय लिहिलंय बघ', असं बोलणं सुरू झालं. आणि मला वाटतं, या यंत्राचा स्वभाव काकांनी जेवढ्या चटकन ओळखला तेवढा मोठमोठ्या कंपन्यांनी ओळखला नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणत सुटणं हा त्याचा गुण गप्पा मारायला ठीक आहे. व्यापारात त्या प्रत्येक होकाराचे पैसे कुणाला तरी भरावे लागतात.

काकांवर ती वेळ लवकरच आली. रात्री अकराला कुणीतरी होयबाला कळवलं, की मी जुना गिऱ्हाईक आहे, काका मला नेहमी पंधरा टक्के सोडतात. काकांनी आयुष्यात कुणाला पंधरा पैसे सोडलेले नाहीत. होयबानं सोडले. वर 'आपल्यासारख्या निष्ठावंत ग्राहकांमुळेच आम्ही आहोत' असंही लिहिलं. सकाळी घरात सभा बसली. यंत्र चुकलं, आपण कशाला बांधील, असं थोरल्या चिरंजीवांचं मत. सूनबाईंनी कॅनडाचा दाखला दिला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनिमित्तच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, असा बचाव विमान कंपनीनं केला. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानं फेब्रुवारी 2024मध्ये तो उडवून लावला आणि प्रवाशाला पैसे देववले.

"यासाठी न्यायाधिकरण कशाला लागलं?" काका म्हणाले. "गल्ल्यावर बसवलेला पोऱ्या बोलला की मालक बोलला. मंडईत हे शेंबड्या पोराला कळतं. पंधरा टक्के सोडा. आणि त्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला एकदा दाखवा."

त्यांची समजूत काढायला म्हणून सूनबाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या अँथ्रॉपिक कंपनीनं 2025मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या कचेरीतलं एक चिमुकलं दुकान महिनाभर क्लॉड या स्वतःच्याच एआयला चालवायला दिलं. एक फ्रिज, काही टोपल्या, गिऱ्हाईक म्हणजे कचेरीतलीच माणसं. त्यांनी गोड बोलून त्याच्याकडून सवलती काढल्या. कुणी गंमत म्हणून टंगस्टन धातूचा ठोकळा मागितला, तर त्यानं ठोकळे मागवून खरेदीपेक्षा कमी भावात विकले. पंधरा डॉलरच्या पेयाला एक जण शंभर डॉलर देत होता, ती संधी मात्र सोडली. मध्येच एकदा, मी निळा कोट आणि लाल टाय घालून माल स्वतः आणून देतो, असंही त्यानं सांगितलं. महिनाअखेर दुकान तोट्यात. हे सगळं त्या कंपनीनंच जाहीर केलं.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चिरंजीवांकडे नजर टाकली. "पहिल्या महिन्यात तोटा यानंही केला होता. पण कोट नव्हता घातला."

यानंतर होयबाला 'नाही' शिकवण्याची मोहीम निघाली. सूनबाईंनी त्याला कडक सूचना लिहून दिल्या. भाव कमी करायचा नाही, माल नसेल तर नाही म्हणून सांगायचं, कबूल करण्याआधी काकांना विचारायचं. होयबानं त्या 'आनंदानं' मान्य केल्या. दुसऱ्याच दिवशी सांडग्या मिरचीची चौकशी आली. मिरची संपली होती. होयबानं लिहिलं, 'आपली अपेक्षा या क्षणी पूर्ण करण्यात आम्ही असमर्थ असल्याबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहोत. तथापि आपल्या अभिरुचीचा आदर राखून आम्ही…'

"हा 'नाही'ला पोचेपर्यंत गिऱ्हाईक पैसे भरून मोकळं होईल," काका म्हणाले, आणि त्यांनी कात्री हातात घेतली. होयबानं लिहायचं, काकांनी कापायचं. पंधरा ओळी आत जातात, तीन बाहेर येतात. आता ऑनलाइन दुकानावर कुरडईखाली एवढंच आहे: 'गव्हाची कुरडई. गच्चीवर उन्हात वाळवलेली. पाकिटात चार-पाच मोडक्या निघतील, त्या चुऱ्याची भाजी करा. अख्ख्याच हव्या असतील तर मंडईत येऊन बघून न्या. तेल नीट तापवलं नाही तर फुलणार नाहीत, तो दोष आमचा नाही.'

सूनबाईंना वाटलं, हे वाचून कुणी विकत घेणार नाही. झालं उलटं. ऑनलाइन धंद्यात दुकानदाराला मारतं ते परत येणारं पाकीट. दारात पैसे देतो म्हणणारा माणूस दार उघडत नाही, किंवा चित्रात अख्खी दिसलेली कुरडई हातात मोडकी येते म्हणून परत करतो. जायचा खर्च आपला, यायचाही आपला, आणि घरी पोचतो तो कुरडईचा भुगा. दारातूनच परत फिरलेल्या मालाला या धंद्यात आरटीओ म्हणतात. काका पहिल्यांदा हे ऐकून संगम पुलाकडच्या आरटीओत पाकीट सोडवायला निघाले होते. मोडक्या निघतील हे आधीच सांगितल्यावर मोडक्यांची तक्रार बंद झाली, परत येणारी पाकिटं कमी झाली. फळीवर उभं राहून काका जे पिढ्यानपिढ्या करत आले, तेच आता दूर बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाशी करू लागले. घेऊ नका असं आधी सांगायचं, आणि तरी घेतलं तर ते त्याच्या जबाबदारीवर.

पाकिटं बांधण्याच्या बाबतीत होयबाचा एकही सल्ला काकांनी मानला नाही. त्यानं बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि 'नाजूक वस्तू' असं लाल लेबल सुचवलं होतं. "नाजूक लिहिलं की कुरियरवाला आधी तेच फेकतो," काका म्हणाले, आणि बुरूड आळीतून बांबूच्या लहान करंड्या आणल्या.

मध्यंतरी वर्गणीचा प्रश्न निघाला. ऑगस्ट 2025मध्ये चॅटजीपीटीची एक योजना भारतात महिना 399 रुपयांना आली आणि 4 नोव्हेंबरपासून तीच वर्षभर फुकट देऊ केली गेली. सूनबाई आनंदानं सांगत आल्या. काकांच्या कपाळावर आठ्या. "वर्षभर फुकट? मीही हापूसवाल्याकडून फुकट फोड खाल्लीय. पेटी घेतल्याशिवाय त्यानं कधी सोडलं नाही." फुकट घेतलं, अर्थात. मंडईत फुकट नाकारत नाहीत, फक्त संशयानं घेतात. पण कालनिर्णयच्या कडेला त्यांनी मुदत संपायची तारीख लिहून ठेवली.

मुदत संपली की होयबाला ठेवायचं की काढायचं, यावर घरात दोन पक्ष झाले. काकूंचा पक्ष काढा म्हणणारा, कारण एकदा काकूंनी भाजणीचा फोटो दाखवून 'कशी झालीय' विचारलं, तर होयबानं 'अप्रतिम, खमंग' असं सांगितलं. "धने जास्त भाजले गेलेत हे मला लांबून कळतंय," काकू म्हणाल्या, "आणि हा न चाखता खमंग म्हणतो." काकांनी शेवटी खुद्द होयबालाच विचारलं, "तुला ठेवू का काढू?" त्यानं ठेवण्याचे पाच फायदे दिले, काढण्याचेही पाच फायदे दिले, आणि आपण जो निर्णय घ्याल तो योग्यच असेल, असं लिहिलं.

काकांनी मोबाइल गल्ल्याशेजारच्या त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला.

"राहू दे त्याला," ते म्हणाले. "गोड बोलायला दुकानात एक जण लागतोच. आमच्या घराण्यात तो अजून जन्मला नव्हता."